सुई दोन घरं पुढे

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर माझा गाळा आहे. खाली प्लास्टिकचे डबे बनतात, शेजारी पुठ्ठ्याची खोकी. दोन्हीकडच्या मशिनांनी माझं टेबल दिवसभर थरथरत असतं, म्हणून नाजूक काम मी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत उरकते. दारावर पाटी आहे: ‘जुने कॅमेरे, लाइट मीटर दुरुस्ती.’ डब्यांच्या कारखान्यातल्या बायका पहिल्या वर्षी मला विचारायच्या, “ताई, विजेचं मीटर दुरुस्त करता का? आमचं बिल फार येतंय.”

तर आधी हे मीटर म्हणजे काय ते सांगते. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या रिळाच्या कॅमेऱ्यात डोळा लावलात तर कडेला एक बारीक सुई हलताना दिसते. उजेड किती आहे ते ती सुई सांगते. भिंगावरची कडी फिरवून सुई मधोमध आणायची आणि बटण दाबायचं. कडीवर आकडे असतात. एकेका आकड्याला आम्ही ‘स्टॉप’ म्हणतो, जुनी माणसं ‘घर’ म्हणतात. एक घर उघडलं की आत दुप्पट उजेड जातो. दोन घरांची चूक झाली तर चौपट.

ही सुई हलायला सेल लागतो, आणि त्या काळात तो पाऱ्याचा असे. शर्टाच्या बटणाएवढा. त्याचा गुण असा, की तो मरेपर्यंत एकसारखा दाब द्यायचा, एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट, ना कमी ना जास्त. कॅमेरे बनवणाऱ्यांनी त्या एकनिष्ठपणावर सगळं गणित बांधलं. पुढे जगभर पाऱ्याचे सेल बंद झाले, आणि कॅमेरे मागे राहिले. आज बाजारात मिळणारा त्याच मापाचा साधा सेल दीड व्होल्ट देतो. तो घातला की सुई जोरात हलते, आहे त्याहून जास्त उजेड दाखवते. माणूस तिच्यावर विश्वास ठेवून कडी बंद करत नेतो आणि फोटो काळा येतो.

माझं काम या मधल्या फरकाचं आहे. चांदीचा सेल घालायचा, त्याच्या वाटेत मंगळसूत्राच्या मण्याएवढा एक डायोड डाखायचा, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोडायचा; तो जास्तीचा दाब खाऊन टाकतो. मग सुई पुन्हा खरं बोलते. ज्यांना कॅमेऱ्यात डाखकाम नको असतं, त्यांना मी कानाच्या मशिनचा सेल सुचवते. त्याचा दाब जवळजवळ पाऱ्याइतकाच, पण हवा लागली की दोन-तीन महिन्यांत संपतो. मीरा रोडचे एक निवृत्त बँक अधिकारी माझे गिऱ्हाईक आहेत, ते एकाच पाकिटातले सेल कानात आणि कॅमेऱ्यात वापरतात. त्यांच्या पत्नी एकदा फोनवर मला म्हणाल्या, “तुम्ही त्यांना हे सांगायला नको होतं. बागेत गेले की कानातला काढून कॅमेऱ्यात घालतात. मी मागून हाका मारतेय आणि हे पक्ष्यांचे फोटो काढतायत.”

पाऱ्याचे सेल बंद झाले याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पारा विष आहे. सेल कचऱ्यात जातो, कचरा खाडीला जातो, खाडीतला मासा ताटात येतो. हे मी शाळेत शिकले नाही. माझे बाबा भाईंदरच्या एका छोट्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. कामगारांचे संप, पाण्याचे मोर्चे, भाडेकरूंच्या सभा, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हाताखालून जायची. चुकलेले कागद घरी यायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘आता गप्प बसून चालणार नाही’ हे वाक्य मी ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचलंय. खाडीतल्या विषावरचंही एक पत्रक होतं, पारा हा शब्द मला तिथेच पहिल्यांदा भेटला. छापलेला कागद माणसाच्या हातात दिला की आपलं अर्धं काम झालं, हा विश्वास मी त्या घरातून घेऊन आले.

काशीमीऱ्याच्या गोदामांकडून एकदा एक माणूस आला. पिशवीतून त्याने पुठ्ठ्याचं खोकं काढलं, आत शंभरेक पाऱ्याचे सेल, अजून सीलबंद. कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचा माल.

“मॅडम, ओरिजिनल आहे,” तो म्हणाला. “तुमचे कस्टमर पाया पडतील.”

खरंच पडले असते. मी त्याला अर्धा तास ऐकवलं. खाडी, मासे, मूत्रपिंड, मुलांचे मेंदू, सगळं. तो शांतपणे ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, “ठीक आहे, मग हे तुम्हीच फेका. माझ्याकडून नाही फेकवणार आता.” आणि खोकं टेबलावर ठेवून गेला.

ते कुठे द्यायचं हे मी दोन महिने विचारत फिरले. या खिडकीवर सांगायचे त्या खिडकीवर जा. शेवटी लोणच्याच्या बरणीत घालून, झाकणाला मेण लावून ते माझ्याच कपाटात ठेवलं. तत्त्व बरोबर होतं. पण विष माझ्या गाळ्यात राहिलं, आणि तो माणूस हलका होऊन गेला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला खरं सांगायचंय ते खाडीकाठच्या मोरवा गावातल्या बाळारामकाकांबद्दल.

होळीला पंधरा दिवस होते. सत्तरीपुढचा एक काटक माणूस दारात उभा राहिला. पायजमा, पांढरा शर्ट, खांद्याला कातडी पाकिटातला जपानी कॅमेरा. आयुष्य मिठागरावर गेलेलं, तळवे अजून भेगाळलेले. कॅमेरा त्यांना बोटीवर काम करणाऱ्या चुलतभावाने लग्नात दिला होता.

“पोरी, सुई मेली,” ते म्हणाले.

मी सेलचं झाकण उघडलं. आत हिरवा-पांढरा क्षार माजला होता. साधा दीड व्होल्टचा सेल, आणि तो घट्ट बसावा म्हणून सिगारेटच्या पाकिटाची चांदी दुमडून लावलेली.

“हा सेल कोणी घातला?”

“मीच. टेसनजवल घड्यालवाला हाय, त्याच्याकडून. दर होलीला नवा घालतो आनी फोटू झाला की काडून ठेवतो. गेल्या होलीला काडायचा ऱ्हायला. मंग हास्पिटलात फेऱ्या लागल्या, ध्यानातच आलं न्हाय.”

मग त्यांनी सांगितलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्या दाराच्या पायरीवर, त्यांची बायको हिराकाकी बसते आणि ते तिचा एक फोटो काढतात. लग्नाच्या वर्षापासून. वर्षाला एकच. रीळ पारदर्शिकेचं, म्हणजे ज्याचा कागदावर फोटो न करता प्रत्येक चौकट काचेसारखी उजेडात धरून बघतात ते. गणपतीत दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून ते सगळ्या घराला प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचे. नवरी झालेली हिराकाकी, पोटुशी हिराकाकी, कडेवर पोर, मग नातू, केस पांढरे. त्यांच्या लाकडी पेटीत एका ओळीत त्या सगळ्या उभ्या होत्या.

“एकच का? दोन-तीन काढले तर एखादा बिघडला तरी चालेल,” मी म्हटलं.

“दोन काडले तर कुटला खरा?” ते म्हणाले. “पन यंदाचा बिगडला न्हाय पायजे. होली झाली की तिचं आपरेशन हाय. मिश्रीनं गाठ झाली. डाव्या बाजूचा जबडा काडनार. डाक्टर बोलला, तोंड पयल्यासारखं न्हाय दिसनार.”

मी कॅमेरा ठेवून घेतला. आणि माझ्या सवयीने त्यांना समजावायला लागले. हा सेल कसा चुकीचा आहे, सुई कशी दोन घरं पुढे पळते, इतकी वर्षं ती तुमच्याशी कशी खोटं बोलत आली.

काका हसले. “मना माहीत हाय. ती जास्तच बोलते. घरातलीपन जास्तच बोलते. दोगींना मी सांभालून घेतो.”

मीही हसले. नवऱ्यांचे असतात तसले विनोद, असं समजून पुढे बोलत राहिले. त्यांनी मला सगळं एका वाक्यात सांगून टाकलं होतं आणि मी ते ऐकलं नाही.

आठ दिवस मी त्या कॅमेऱ्यावर घालवले. क्षार खरवडला, कुजलेली तार बदलली, डायोड डाखला, चांदीचा सेल बसवला. माझ्याकडच्या मीटरशी सकाळी, दुपारी, सावलीत, उन्हात ताडून पाहिलं. सुई केसभरही चुकत नव्हती. एवढं चोख काम मी त्या वर्षात दुसरं केलं नाही.

प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर मी एक पत्रक देते. स्वतः लिहिलेलं, छापलेलं. त्यात जाड अक्षरात होतं: ‘आता सुई खरं सांगते. पूर्वीच्या अंदाजाने कडी कमी-जास्त करू नका.’ काका न्यायला आले तेव्हा ते मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आदराने दोन्ही हातांनी घेतलं, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवलं. खालच्या मशिनी सुरू झाल्या होत्या, बोलायचं तर ओरडावं लागत होतं. कागदात सगळं आहे, म्हणून मी तोंडी समजावलं नाही.

होळीनंतर त्यांची नात रीळ देऊन गेली. हिराकाकी तेव्हा हॉस्पिटलात होती. पारदर्शिका धुणाऱ्या जागा आता एक-दोनच उरल्यात, गिऱ्हाइकांची रिळं मीच मुंबईला पाठवते. डबी परत आली ती मी उत्सुकतेने उघडली, काचेच्या उजेडाच्या पाटीवर चौकटी मांडल्या आणि भिंग लावलं.

सगळ्या पांढऱ्या होत्या. होळीचा माळ, पोरंबाळं, सगळं धुतल्यासारखं. पायरीची चौकट मी ओळखली ती खालच्या सावलीवरून आणि लुगड्याच्या हिरव्या काठावरून. काठ होता, बांगड्यांची एक ओळ होती. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता.

आधी मला वाटलं माझं डाखकाम सुटलं. मग वाटलं धुणाऱ्यांनी घोळ केला. कुणाचीतरी चूक सापडावी म्हणून मी दिवसभर धडपडत होते. चौकटींच्या कडा तपासल्या, धुलाई ठीक होती. संध्याकाळी मोजलं. बरोब्बर दोन घरं, वर थोडं.

दुसऱ्या दिवशी बसने मोरव्याला गेले. काका ओटीवर बसून लसूण सोलत होते. आत हिराकाकी होती. पदराने तोंड बांधलेलं, नुसते डोळे. तिने मला हाताने बस म्हणून सांगितलं आणि पाणी आणून ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी डबी दिली. काकांनी ती चौकट काढून सूर्याकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“सुई खरी होती ना?” त्यांनी विचारलं.

“हो काका. खरी होती.”

“मंग मीच उगडलं. सुई मधी आनली आनी दोन घरं उगडली. कायम तसंच करतो. नवा सेल, दोन घरं. ती जास्त बोलते म्हनून.” मग थांबून म्हणाले, “वर आजून अर्दं उगडलं. म्हटलं, यंदा तोंड नीट येऊदे.”

आता मला त्यांचा तो विनोद आठवला. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कधीतरी पाऱ्याचा सेल मिळेनासा झाला, फोटो काळे यायला लागले, आणि या माणसाने कुणालाही न विचारता, एकही कागद न वाचता, सुईचं खोटं मोजून ते बोटांत मुरवून घेतलं. मी ते खोटं काढून टाकलं. बोटं तशीच राहिली.

“मी कागद दिला होता,” मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

“दिलास ना. डोल्यात मोतीबिंदू हाय. नात वाचून दावनार होती, ती तिच्या परीक्षेत, मी हास्पिटलात. ऱ्हायलं.” आणि मग, मी रडेन असं वाटून की काय, “तुजं काम चांगलं हाय हां. सुई झ्याक चालते.”

मी म्हणाले, घरच्यांच्या फोनमध्ये काकीचे फोटो असतीलच, त्यातला एक चांगला काढून देते.

“त्ये हायेत,” ते म्हणाले. “शंबर हायेत. ह्यो त्या ओलीत बसनारा होता.”

परतीच्या बसमध्ये माझा जीव संतापाने फुटत होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. कारखानदार नाही, सरकार नाही, दलाल नाही. पारा बंद करणारे बरोबर होते. काका बरोबर होते. माझं मीटर बरोबर होतं. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढावं असं त्यात कुणी नव्हतं, मी सोडून.

त्या वर्षी गणपतीत गोधड्या लागल्या नाहीत, असं नातीकडून कळलं.

दिवाळीनंतर काका पुन्हा गाळ्यात आले. कॅमेरा टेबलावर ठेवला.

“मना जुनी सुई परत दे,” म्हणाले.

“म्हणजे?”

“खोटी होती ती. आता या वयात बोटांना नवं न्हाय शिकवता येत. परवा नातवाचा काडला, परत दोन घरं उगडली. मागनं आठवलं.”

मी म्हणाले, मी बोलून समजावते, सराव करू, रोज फोन करते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मी तो डायोड काढला. चुकीचा दाब सुईपर्यंत सरळ जाऊ दिला, आणि तो दरसाल तेवढाच चुकेल एवढी काळजी घेतली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. काकांनी खिडकीकडे कॅमेरा धरला. सुई उडी मारून पुढे गेली.

“हां,” ते म्हणाले. “आता बोलली.”

“काकी बसणार का होळीला?”

“न्हाय बोलते. पदर सोडत न्हाय. माज्याम्होरंपन न्हाय.” कॅमेरा पाकिटात घालत म्हणाले, “पन मी पायरीचा काडनार. वर्स मोकलं न्हाय सोडायचं.”

तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्याचं झाकण उघडण्याआधी मी माणसाला बसवते, चहा देते आणि विचारते, तुम्ही आजवर ही सुई कशी वाचत आलात. बहुतेकांकडे काहीतरी निघतं. कुणी पाव घर उघडतं, कुणी ढगाळ दिवशी सुईकडे बघतच नाही. पत्रक अजूनही देते, पण आधी मोठ्याने वाचून दाखवते, खालच्या मशिनी बंद व्हायची वाट बघून. एवढी अक्कल यायला एका बाईचा चेहरा खर्ची पडला.

काकांचं रीळ पुढच्या होळीला आलं. मागच्या दाराची पायरी, रिकामी. शेणाने सारवलेलं अंगण, कडेला तुळस, उघडं दार आणि आत काळोख. उजेडाचं माप अचूक होतं. मी ती चौकट घाईने पाठवून दिली, बघवेना.

यंदाही आलं. तीच पायरी, तेच दार. या वेळी मी धीर करून भिंग लावलं आणि चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिली. अंगणातलं ऊन अचूक टिपायचं तर दाराच्या आतला काळोख काळाच येतो, त्याला इलाज नाही. पण उंबऱ्याच्या आत ऊन हातभर शिरलं होतं, आणि त्या उन्हात दोन पाय होते. अनवाणी, बोटांत जोडवी. घोट्यावर लुगड्याची कड, आणि त्याच्या वर काही दिसत नव्हतं. दोन घरं जास्त उघडलं असतं तर अंगण जळून पांढरं झालं असतं, आणि आत उभी असलेली बाई दिसली असती.

मी काकांना फोन लावला. म्हटलं, “काका, दारात काकी उभी आहे.”

पलीकडे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“मागच्या सालीपन होती,” ते म्हणाले. “तू बगितलं न्हायस.”